चौदा नंबरचा तुकडा

पश्चिम तांबरम
९ मार्च २०२५

चि. विद्युलता,

तांबरमहून बालाजीमामाचे पुष्कळ आशीर्वाद.

काल संध्याकाळी जयंतीने पाटीवर खडूने लिहिले, ‘अप्पा, तुमच्या विद्युलतेला जर्मनीत नोकरी.’ मी पाटी लेकीच्या हातून घेतली आणि स्वयंपाकघरात तुझ्या मामीला, सकवारबाईला, नेऊन दाखविली. नोकरी नव्हे, संशोधनाची जागा, तीन वर्षांची, असे तिला समजाविले. आठवड्यातले दोन दिवस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप एकटीच्या ताब्यात, हेही सांगितले. ती म्हणाली असावी, ‘दोनच दिवस?’ ओठांवरून मला एवढेच कळले.

माझे कान तुला ठाऊक आहेत. चौतीस वर्षे आपल्या प्रयोगशाळेत पोलाद कापणाऱ्या चक्रासमोर उभा राहिलो, त्याने ते घेतले. फोन माझ्या कामाचा नाही, आणि जयंतीच्या फोनवर काही पाठविलेस तर सारे घर वाचते. म्हणोन हे पत्र. माझी मराठी तंजावरची, आत्याकडून शिकलेली. प्रयोगशाळेत माझी वही वाचताना हसायचीस तशी हस, हरकत नाही.

आमचे जावई, जयंतीचे यजमान नवीन, इरुंगाट्टुकोट्टैला ज्या कारखान्यात भट्टीवर आहेत, तिथलेच नकल तू पीएचडीसाठी तपासलेस. सकवारबाई विचारू लागली, नकल म्हणजे काय. मी माझे मनगट दाखविले. गाडीचे मनगट, स्टिअरिंग आणि चाक यांच्यामधले. ते तुटले तर चाक ड्रायव्हरचे ऐकत नाही. एप्रिलपासून तिथली सारी लाइन तुझ्या पेपराप्रमाणे चालणार. लाल तापलेले नकल तेलात न बुडविता पाण्यातल्या द्रावणात बुडविणार. तेलाचा धूर बंद. नवीन रोज घरी येऊन खोकतो, तो खोकायचा थांबेल. जयंती तर तुझ्यावर फार खूश आहे.

निवृत्तीनंतर माझा उजवा हात जरासा कापू लागला आहे. कामाविना हात असाच होतो. प्रयोगशाळेत होतो तोवर दगडासारखा स्थिर होता, तू पाहिलेच आहेस.

अण्णा नगरहून मेट्रोने एगमोर आणि पुढे लोकल, सव्वा तासाची गोष्ट. रविवारी ये. सकवारबाई वत्तकुळंबू करील.

तुझा,
बालाजीमामा

---

अण्णा नगर
१६ मार्च २०२५

प्रिय बालाजीमामा,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं आणि मी हसले नाही. वहीतल्या ‘घासिले, पुसिले, पाहिले’ची आठवण मात्र झाली.

या रविवारी येता आलं नाही. व्हिसाचे कागद आहेत, शिवाय मी राहते त्या घराचे मालक खोली रिकामी करून मागताहेत. पुढच्या रविवारचंही नक्की सांगता येत नाही. मामींना सांगा, रागवू नका.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती लिहूनच टाकते. पेपरच्या शेवटी आभारांत मी तुमचं नाव घातलं होतं. छापायला जाताना कृष्णस्वामी सरांनी जागा नाही म्हणून ती ओळ काढली. मी काही बोलले नाही. पीएचडीची तोंडी परीक्षा जवळ आली होती, सरांना नाराज करायचं नव्हतं. मायक्रोस्कोपसाठी नकलचे साठ तुकडे तुम्ही घासून आरशासारखे करून दिलेत आणि छापलेल्या कागदावर तुम्ही कुठेच नाही. कोल्हापुरात बाबांनी फाउंड्रीतल्या सगळ्यांना पेढे वाटले, तेव्हा मला तुमची आठवण झाली आणि तो पेढा काही गोड लागला नाही.

आणखी एक, अगदी किरकोळ. चौदा नंबरचा तुकडा तुम्ही एकदाच घासला होता ना? जर्मनीला पाठवायच्या माहितीत तसा रकाना आहे, म्हणून विचारते.

हाताला डॉक्टरांना दाखवा.

तुमची,
विद्युलता

---

पश्चिम तांबरम
२३ मार्च २०२५

चि. विद्युलता,

आशीर्वाद. नावाचे काय घेऊन बसलीस? चौतीस वर्षांत चाळीसेक मुलांनी माझ्या टेबलावरून डॉक्टर होऊन पाय काढिला. कोणाच्या कागदावर माझे नाव आहे, कोणाच्या नाही. दिवाळीला चौघेजण मिठाई पाठवितात. मला ते पुरते.

चौदा नंबर एकदाच घासिला. रकान्यात तसे लिही.

फेब्रुवारीत कारखान्याने प्रयोग म्हणोन नव्या पद्धतीचे तीनशे नकल बनवून दिले होते. त्यातला एक तडकून परत आला, असे नवीनने पाटीवर लिहिले. साहेब लोक म्हणतात, पोलादाचा लॉटच वाईट होता. तुझ्या पद्धतीला कोणी नाव ठेविले नाही, काळजी करू नको. तुला जर्मनीत थंडीसाठी लोकरीचे काय लागेल ते सकवारबाई विचारिते. तांबरमच्या बाईने लोकर कुठे पाहिली, पण विचारिते खरी.

तुझा,
बालाजीमामा

---

अण्णा नगर
२८ मार्च २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र काल आलं. तडकलेल्या नकलची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले. जर्मनीच्या माहितीत तसा रकाना नाही. व्हिसाचं काम एका सकाळीच झालं होतं. तुमच्याकडे यायचं टाळत होते, कारण तुमच्यासमोर बसून हे बोलता आलं नसतं. कान चांगले असते तरी आलं नसतं.

चौदा नंबर हा नव्या पद्धतीचा सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. नकलच्या मानेचा, जिथे सगळा ताण येतो तिथला. मायक्रोस्कोपखाली मी त्याची चाळीस छायाचित्रं काढली. सदतिसांत पोलादाचे स्वच्छ कण दिसत होते. तीन छायाचित्रांत बारीक काळ्या रेषा होत्या.

तुमच्या निवृत्तीला तेव्हा महिना राहिला होता. त्या महिन्यात तुम्ही उजवा हात पँटच्या खिशात ठेवायला लागला होतात. कॉफी डाव्या हाताने घ्यायचात. एकदा तुम्ही पाठमोरे होतात तेव्हा मी पाहिलं, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरून तुम्ही तुकडा फिरत्या कापडावर टेकवत होतात. मला वाटलं, या रेषा त्या हाताच्या आहेत. घासताना उठलेले ओरखडे.

मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुमचा हात कापतो हे मला कळलंय, हेही सांगावं लागलं असतं. चौतीस वर्षांनी, शेवटच्या महिन्यात, हे मी तुम्हाला सांगणार? म्हणून ती तीन छायाचित्रं मी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली. त्या फोल्डरचं नाव मी ‘हात’ ठेवलं. पेपरमध्ये सदतीसच गेली, आणि चाळीस काढली होती हे कुणाला सांगितलं नाही. सरांनाही नाही.

काल रात्री तो फोल्डर उघडला. मामा, त्या रेषा सरळ नाहीत.

मला तुमच्यावर माया होती म्हणून मी गप्प बसले असं मी स्वतःला सांगत आले. पण ती तीन छायाचित्रं नसली की पेपर छापला जाणार होता, हेही मला तेव्हा ठाऊक होतं. यातलं नेमकं काय जास्त होतं, ते आज मला सांगता येत नाही.

तुमचं उत्तर आलं की काय करायचं ते ठरवते.

विद्युलता

---

तांबरम
१४ एप्रिल २०२५

विद्युलता,

मी सकवारबाई. मराठी बोलता येते, लिहिता येत नाही, जयंती लिहिते आहे. तू काय लिहिलेस ते आम्हाला ठाऊक नाही. तुझे पत्र ते उशाखाली ठेवतात. दोन आठवडे नीट जेवले नाहीत. आज पुत्तांडू, वर्षाचा पहिला दिवस, कैरीची मांगा पच्चडी केली, त्यांनी बोट लावून ठेवून दिली. काल जुना बिस्किटांचा डबा काढून त्यातले लोखंडाचे तुकडे जमिनीवर मांडून बसले होते. पाटीवर मी तमिळमध्ये विचारिले काय झाले, तर पाटी पुसून परत दिली.

काही चुकले असेल तर त्यांना माफ कर. नाहीतर तूच माफी माग. पण लौकर कर, अम्मा.

सकवारबाई

---

पश्चिम तांबरम
१९ एप्रिल २०२५

चि. विद्युलता,

तीन आठवडे मी तुजवर रागावलो होतो. हाताची गोष्ट तू पाहिलीस आणि लपविलीस, याचा राग. आठ दिवस तो राग खरा होता. पुढचे दिवस मी तो मुद्दाम धरून ठेविला, कारण तो सोडला की खाली माझी स्वतःची गोष्ट होती.

चौदा नंबर मी एकदा घासिला नाही. तीनदा घासिला.

पहिल्या वेळी घासून, नायटलचे अॅसिड लावून, धुऊन मी स्वतः भिंगाखाली धरिला. रेषा होत्या. तीन जागी नव्हे, साऱ्या मानेवर होत्या. मला वाटले हात गेला. वाटले, अॅसिड जास्त वेळ राहिले, कणांच्या कडा खाल्ल्या गेल्या, म्हाताऱ्याला आता सेकंद मोजता येत नाहीत. बाजूच्या टेबलावर पहिल्या वर्षाची दोन मुले होती. त्यांनी पाहू नये म्हणोन मी तुकडा मुठीत घेतला आणि पुन्हा कापडावर धरिला. जोर लावून, बराच वेळ. पुन्हा पाहिले, थोड्या होत्या. तिसऱ्यांदा घासिला, अॅसिड नावापुरते लाविले. मग तो आरसा झाला आणि मी तुला दिला. तुकडा असा दाबून फिरविला की त्याचा वरचा थर बारीक भेगांवर पसरतो आणि त्या झाकतो, हे मी दर वर्षी मुलांना सांगत आलो. वहीत लिहिले, ‘एकदा घासिले.’ चौतीस वर्षांच्या वहीत तेवढी एक ओळ खोटी आहे. गेल्या महिन्यात तू विचारिलेस तेव्हा ती पुन्हा लिहून दिली.

ओरखडा सरळ जातो. त्याला कण दिसत नाहीत, तो कणांच्या मधून कापीत जातो. भेग कणांच्या कडेकडेने वळत जाते. प्रयोगशाळेत तुझ्या पहिल्याच दिवशी मी तुला हे शिकविले. मला ठाऊक होते आणि तुला ठाऊक होते. तू माझा मान राखिलास, मी माझा मान राखिला, आणि नकलकडे कोणी पाहिले नाही.

आता ऐक. प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग न घासता तेलकट कागदात बांधून ठेवायचा, हे माझे वळण. निवृत्त होताना कोणाला नको होते म्हणोन डबा घरी आणिला. चौदाचा अर्धा भाग माझ्यापाशी आहे. कृष्णस्वामी सरांना सारे सांग आणि मला बोलाव. तू घास, मी पाहतो.

पहिल्या तारखेपासून नवी लाइन सुरू आहे. मी पाटी पुशीत बसलो होतो तेवढ्यात किती नकल बाहेर पडले, ते नवीनला विचारायचा मला धीर झाला नाही.

बालाजीमामा

---

अण्णा नगर
२७ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

काल प्रयोगशाळेत लोकांसमोर तुमच्या पाटीवर काही लिहावंसं वाटलं नाही, म्हणून आज लिहिते.

किती नकल बाहेर पडले, ते मी विचारलं. दोन हजारांच्या वर. तुम्ही तीन आठवडे गप्प होतात, पण मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. ‘उत्तर आलं की ठरवते’ असं लिहून मी माझं ओझं तुमच्या दारात ठेवलं आणि इथे जर्मनीचे कपडे भरत बसले. ते तीन आठवडे तुमच्यापेक्षा माझे जास्त आहेत.

काल तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात आणि माझा अंगठा जास्त दाबायला लागला की दोन बोटांनी माझ्या मनगटावर टकटक करत होतात. तुमचा हात कापत होता, तरी दाब नेमका कुठे चुकतो ते त्यालाच कळत होतं. नायटल लावल्यावर सेकंद तुम्ही ओठांनी मोजलेत, दहापर्यंत. मग मी भिंगात पाहिलं आणि उठून जागा तुम्हाला दिली. तुम्ही पाहिलंत, आणि सरांना दिली. सर फार वेळ पाहत राहिले. रेषा सगळीकडे होत्या आणि प्रत्येक रेष कणांच्या कडेने वळत गेली होती. पोलाद द्रावणात फार झपाट्याने थंड झालं आणि आतून तडकलं. हाताचा काही संबंध नव्हता.

तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून सर काय म्हणाले ते लिहिते. ते इंग्रजीत म्हणाले, ‘मीही चाळीस छायाचित्रं मागितली नाहीत.’

सरांनी तिथूनच कारखान्याला फोन केला आणि मी सगळी छायाचित्रं पाठवली. संध्याकाळी लाइन थांबली. पेपर मागे घेतो असं नियतकालिकाला कळवलं. जर्मनीला मी स्वतः लिहिलं, सगळं, फोल्डरच्या नावासकट. बाबांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगेन.

मागे घेण्याच्या सूचनेत चूक माझी आहे असं मी लिहिते आहे. त्यात तुमचं नाव कुठेही येणार नाही, एवढी काळजी घेईन.

विद्युलता

---

पश्चिम तांबरम
४ मे २०२५

चि. विद्युलता,

नाव घाल.

पहिल्या कागदावर नव्हते तेव्हा मी काही म्हटले नाही. या कागदावर पाहिजे. कृष्णस्वामी सरांना दाखव आणि असे लिही: तुकडा बालाजीराव यांनी तीनदा घासिला, वहीत एकदा असे लिहिले, आणि त्यामुळे भेगा झाकल्या गेल्या. तुझे तू लिही. माझे मला राहू दे. माझ्यावर माया करून एकदा तू ते वेगळ्या फोल्डरात टाकिलेस, पुन्हा टाकू नको.

घरचे कळवितो. कारखान्यात तेलाच्या टाक्या पुन्हा भरल्या. नवीनचा खोकला परत आला. जयंतीला खरे काय ते मी पाटीवर सगळे लिहून दिले. चार वेळा पाटी भरली. तिने वाचिले आणि उठून गेली. नवीन माझ्या पंगतीला बसतो, पण माझ्याकडे पाहत नाही. त्याला मी काय सांगू? धूर जाईल म्हणोन मीच त्याला आशा लाविली होती.

लाइनवरचे आणि फेब्रुवारीच्या तीनशेतले बहुतेक नकल गोदामातच सापडले, असे तो सकवारबाईला म्हणाला. दोनशे बारा गाड्यांना लागले आहेत, ते शोधून काढून बदलत आहेत. मी सकाळी स्टेशनाकडे फिरायला जातो तेव्हा जीएसटी रोडवर छोटे मालवाहू टेंपो दिसतात. मी उभा राहून त्यांची पुढची चाके पाहतो. पाहून काय कळणार आहे, पण पाहतो.

तुझ्या बाबांना सांगितलेस काय?

बालाजीमामा

---

अण्णा नगर
१० ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

सोबत छापलेली सूचना पाठवते आहे. अर्धं पानच आहे. तुमचं वाक्य तुम्ही सांगितलंत तसंच घातलं आहे, माझ्या वाक्याच्या खाली. तुमचं नाव लिहिताना मला फार वेळ लागला. आभारांत यायचं ते नाव असं यावं, याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील.

जर्मनीची जागा गेली. त्यांनी सभ्यपणे लिहिलं की खरं सांगितल्याचा त्यांना आदर आहे आणि जागा दुसऱ्या कुणाला दिली आहे. मला दुसऱ्या ओळीची अपेक्षा होती, तरी ती वाचून मी रडले. बाबांना मे महिन्यातच सांगितलं. ते म्हणाले, ‘ओतकामात भेग दिसली की आम्ही माल परत वितळवतो. तू इतके महिने काय केलंस?’ पेढे खाल्लेल्या प्रत्येकाला ते स्वतः जाऊन सांगून आले, असं आई म्हणाली.

दोनशे बारापैकी दोनशे तीन गाड्यांचे नकल बदलले. नऊ गाड्या मालकांनी पुढे विकल्या आहेत, त्यांचा पत्ता लागत नाही. त्या नऊंचा विचार मनातून जात नाही.

सरांनी मला प्रोजेक्टवर वर्षभर ठेवून घेतलं आहे. त्या द्रावणात थंड होण्याचा वेग कमी करून भेगा टाळता येतात का, यावरच काम आहे. जमलं तर धूर जाईल. नवीनभाऊजींना अजून काही सांगू नका, आधी चाळीस छायाचित्रं चाळीस ठिकाणी स्वच्छ येऊ देत.

एक विनंती आहे. बुधवारी दुपारी पहिल्या वर्षाच्या मुलांना तुकडे घासायला शिकवायचं असतं. मी शिकवते, पण त्यांना नुसतं माझं बोलणं पुरत नाही. तुम्ही याल का? पाटी मी आणून ठेवली आहे.

तुमची,
विद्युलता

---

पश्चिम तांबरम
१६ ऑगस्ट २०२५

चि. विद्युलता,

सूचना मिळाली. सकवारबाईला इंग्रजी येत नाही, म्हणोन जयंतीने तिला तमिळमध्ये सांगितली. माझ्या नावापाशी जयंती अडली, तेव्हा तो कागद तिच्या हातून नवीनने घेतला आणि पुढे वाचिला. वाचून झाल्यावर माझ्याकडे पाहिले. तीन महिन्यांनी पाहिले. पाटी मागून घेऊन त्याने लिहिले, ‘आमच्याकडे एवढे कोणी कबूल केले नाही.’ कौतुक की टोमणा, ते त्याला विचारिले नाही.

नऊ गाड्या माझ्याही डोक्यात आहेत. त्या तशाच राहतील असे दिसते. आपण दोघे मिळून त्या वागवू.

बुधवारी येतो. दहाची लोकल धरीन. मुलांना पहिल्यांदा चौदाचे दोन्ही अर्धे दाखव, झाकलेला आणि उघडा. ओरखडा आणि भेग कशी ओळखायची ते तू सांग. माझा हात कापतो हे मी त्यांना सांगतो, म्हणजे कोणाला काही विचारायचे असेल तर ते विचारतील.

येताना हात खिशात ठेवणार नाही.

तुझा,
बालाजीमामा